फुगलेले पाकीट आणि पुढे गेलेला रविवार

प्रश्न : मी शिरोड्यात राहतो आणि सीमेपलीकडे गोव्यातील पेडणे तालुक्यातील एका परवानाधारक ब्रूपबमध्ये (स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमध्ये) मदतनीस म्हणून काम करतो. मालकांनी मला महिन्यातून एकदा बिअरचा २० लिटरचा चाचणी घाणा स्वतःच्या डोक्याने करण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी अमेरिकन एल (बिअरचा एक प्रकार) जातीच्या द्रव यीस्टची दोन पाकिटे मागवली होती. दोन्हींवर बनवल्याची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातील आहे. तिथला फ्रीज दिवसभर उघडझाप होणारा असल्यामुळे ती मी घरी ठेवली. रविवारी बिअर करायची म्हणून शनिवारी संध्याकाळी एका पाकिटातील पोषकद्रव्याची आतली पुडी फोडली. त्याच रात्री वादळी पावसात माड विजेच्या तारांवर पडला, रस्ता बंद झाला आणि चौदा-पंधरा तास वीज नव्हती. सकाळी पाहतो तर पाकीट उशीसारखे फुगलेले होते. आता चतुर्थी तोंडावर आली आहे आणि घाणा विसर्जनानंतरच्या रविवारी, म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांनी होणार आहे. शेजारी म्हणतात, मासळीच्या डीप फ्रीझरमध्ये ठेव. मित्र म्हणतो, टाचणीने भोक पाडून हवा काढ. मला वाटते टाकूनच द्यावे. काय करू?
— एक वाचक, शिरोडा

उत्तर : टाकू नका, भोक पाडू नका आणि डीप फ्रीझरचा विचार तर मनातून काढूनच टाका. पाकीट आजच, हे उत्तर वाचून होताच, फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवा आणि घाण्याच्या आधीच्या गुरुवारपर्यंत त्याला हात लावू नका. तुमच्या पत्रातील बाकी सगळे प्रश्न या एका सूचनेच्या पोटात येतात. तरी ती का करतो आहे हे सांगितल्याशिवाय तुमची चुळबुळ थांबणार नाही, आणि द्रव यीस्टचे नुकसान उशिरापेक्षा या चुळबुळीनेच अधिक होते, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही परवानाधारक जागेत काम करता हे आवर्जून लिहिलेत, ते बरे केलेत. इतर वाचकांसाठी एवढेच सांगतो की १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, आणि गोव्यातही अबकारी परवाना लागतोच. यीस्ट मात्र मद्य नव्हे. ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवण्यात किंवा आरोंद्याच्या पुलावरून पलीकडे नेण्यात काही गैर नाही.

आता मूळ मुद्दा. पाकिटात जे आहे ते जिवंत आहे आणि उपाशी आहे. कारखान्यातून निघताना यीस्टच्या प्रत्येक पेशीने आपल्यापाशी ग्लायकोजेन आणि ट्रेहॅलोज या दोन शर्करांचा साठा करून ठेवलेला असतो. ही त्यांची पावसाळ्याची बेगमी समजा. आपल्याकडे मे महिन्यात कडधान्ये, सुकी मासळी, आमसुले आणि सांडगे भरून ठेवले की आगोटीनंतर बाजार बंद पडला तरी घर चालते, तशी ही पेशी बाहेरून काही न मिळता आतल्या साठ्यावर दिवस काढते. थंडीत तिचा खर्च कमी असतो, उष्णतेत वाढतो, आणि साठा संपला की ती मरते किंवा इतकी अशक्त होते की गोड रसात सोडल्यावरही उठून कामाला लागत नाही. म्हणून द्रव यीस्ट साधारण १ ते ४ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. यात आणखी कसलेही गूढ नाही.

आतली पुडी फोडल्यामुळे काय झाले, तेही याच हिशोबात पाहा. त्या पुडीत थोडासा गोड रस आणि पोषकद्रव्ये असतात. पेशी जाग्या होतात, तेवढे खाऊन टाकतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाकीट फुगते. म्हणजे फुगणे ही बिघाडाची खूण नसून यीस्ट जिवंत असल्याची पावती आहे. पुडी फोडल्याने यीस्टची संख्या फारशी वाढत नाही, ते फक्त जागे होते. आणि खाणे संपले की पुन्हा बेगमीवर येते. पाहुणे येणार म्हणून चूल पेटवली आणि पाहुणे आलेच नाहीत, तर थोडे सरपण वाया जाते, घर काही जळत नाही. तुमच्या बाबतीत तेवढेच घडले आहे. फोडलेले पाकीट फ्रीजमध्ये परत ठेवून चार-आठ दिवसांत वापरले असते तर थेट घाण्यात घालता आले असते. तीन आठवड्यांनंतर ते थेट घालू नये, त्याआधी स्टार्टर करावा, म्हणजे थोड्या गोड रसात यीस्ट आधी वाढवून घ्यावे. त्याकडे पुढे येतो.

वीज गेल्याची धास्ती तुम्ही जरा जास्तच घेतली आहे. बंद ठेवलेला फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. त्यानंतर तुमचे न फोडलेले पाकीट हळूहळू खोलीच्या तापमानाकडे गेले असणार, आणि ऑगस्टमध्ये शिरोड्यात ते २७-२८ अंशांच्या आसपास असते. एका रात्रीच्या अशा उबेने बेगमीचा थोडा जास्त खर्च होतो, पण यीस्ट म्हणजे दूध किंवा बांगडा नव्हे, की सकाळी नासलेले मिळावे. हीच पाकिटे कुरिअरच्या गाडीतून तुमच्यापर्यंत येताना याहून वाईट दिवस काढून आलेली असतात. न फोडलेले पाकीटही जरासे फुगलेले दिसले तर घाबरू नका. उबेने उरलेसुरले आंबणे सुरू होऊन तसे होते. हानी होते ती आठवड्यामागून आठवडे उबेत राहिल्याने. पुढच्या वेळी वीज जाऊन सहा-सात तासांत येण्याची चिन्हे नसतील, तर जेटीवरून बर्फ आणा, थर्माकोलच्या मासळीच्या पेटीत घाला, पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत आणि वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून त्यावर ठेवा. मात्र त्या बर्फात मीठ पडलेले नसावे. वितळणारा साधा बर्फ शून्य अंशावर थांबतो, मीठ मिसळले की तो शून्याच्या बराच खाली जातो, आणि तिथे गोठण्याचा धोका सुरू होतो.

गोठणे हाच खरा शत्रू आहे, म्हणून शेजाऱ्यांच्या सल्ल्याला मी इतक्या तडकाफडकी नाही म्हटले. मासळी गोठवली तरी तिला पुन्हा जिवंत व्हायचे नसते. यीस्टला व्हायचे असते. पाणी गोठताना त्याचे स्फटिक पेशींचे पडदे फाडतात. प्रयोगशाळेत यीस्ट गोठवून ठेवतात हे खरे, पण ग्लिसरीन मिसळून आणि फार कमी तापमानाला. घरच्या किंवा मासळीच्या फ्रीझरची ती गोष्ट नव्हे. मी स्वतः एकदा यीस्टची कुपी फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, जिथे बर्फाचा पापुद्रा धरतो. तीन दिवसांनी पाहिले तर कुपीत तळाशी बारीक खडे लागत होते. वितळल्यावर ती अगदी पूर्वीसारखी दिसू लागली, म्हणून मी मनाची समजूत घालून तीच वापरली. वर्टवर, म्हणजे ज्याची बिअर होते त्या अंकुरलेल्या जवाच्या (माल्टच्या) गोड रसावर, तीन दिवस फेसाचा टिपूस नव्हता आणि चौथ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटला, तो माझ्या यीस्टचा नव्हे, हवेतल्या कुणाचा तरी. तेव्हा मधली फळी, मागच्या भिंतीपासून चार बोटे पुढे. दार नको, कारण ते चतुर्थीच्या दिवसांत तासाला वीसदा उघडेल.

चतुर्थीवरून आठवले. त्या आठवड्यात तुमच्या फ्रीजमध्ये नारळाचा चव, दूध, नैवेद्याचे सामान आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या पिशव्या असणार. पाकीट एका झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यावर चिठ्ठी लावा आणि घरच्या मोठ्यांना आधी सांगून ठेवा. ते खमीर आहे, पावात घालतात त्याच्याच जातकुळीचे, हे त्यांना पटेलही. पण देव घरात असताना बिअरचे सामान नैवेद्याच्या दुधाशेजारी नको असे त्यांनी म्हटले, तर वाद न घालता ते शेजारच्या फ्रीजमध्ये हलवा. डब्याचा दुसरा उपयोग असा की फुगलेले पाकीट नारळाखाली चेपले जाणार नाही.

टाचणीच्या भोकाबद्दल एकच वाक्य पुरे होते, पण मित्राने सांगितले आहे म्हणून थोडे अधिक लिहितो. ते पाकीट फुगणार हे गृहीत धरूनच बनवलेले असते, आणि थंड झाले की वायू द्रवात विरघळून ते आपोआप सैल पडते. भोक पाडले तर वायू बाहेर जाईल आणि त्या वाटेने आपल्या कोकणातली हवा आत येईल. या हवेत काय आहे, ते तुम्ही कोणत्याही माडाखाली पाहिले आहे. पहाटे उतरवलेली नीरा उन्हे चढेपर्यंत फसफसू लागते आणि दुपारी तिची माडी होते. त्यात कुणी यीस्ट घातलेले नसते, हवेतले, मडक्यातले आणि पोयीवरचे रानटी यीस्ट आणि जिवाणूच ते काम करतात. नीरा गोडच राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, तो याच मंडळींना थोपवण्यासाठी. माडीला ती मंडळी हवी असतात. तुमच्या बिअरला नकोत, कारण १८८३ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले तेव्हापासून बिअर करणाऱ्यांचा सगळा आटापिटा त्यांना बाहेर ठेवण्याचाच आहे. पाकीट एकदाच उघडायचे, आणि तेही वापरायच्या दिवशी.

आता स्टार्टर. तो आत्ताच करून ठेवावा असे तुम्हाला वाटेल. करू नका. आज केलेला स्टार्टरही तीन आठवडे फ्रीजमध्ये बसून पुन्हा बेगमीवरच येणार, आणि शिवाय तुम्ही तो उघडलेल्या भांड्यात ठेवलेला असणार. आंबोळीचे पीठ पाहुणे यायच्या आदल्या रात्री भिजवतात, महिनाभर आधी नाही.

किती मोठा करायचा, याचा हिशोब असा. तुमच्या पाकिटात तयार झाल्या दिवशी सुमारे १०० अब्ज पेशी होत्या. फ्रीजमधल्या द्रव यीस्टमध्ये दर महिन्याला सुमारे पाचवा हिस्सा पेशी मरतात असा घरगुती बिअर करणाऱ्यांचा सर्रास वापरातला अंदाज आहे; काही जातींना तो कडक आहे, पण अंदाज कडक असलेलाच बरा. जून ते सप्टेंबर तीन महिने धरले, तर पहिल्या महिन्यानंतर ८०, दुसऱ्यानंतर ६४ आणि तिसऱ्यानंतर ५१, म्हणजे निम्मे यीस्ट हाताशी उरते. एलसाठी वर्टच्या प्रत्येक मिलिलिटरला, प्रत्येक अंश प्लेटोमागे (प्लेटो हे रसातल्या साखरेचे माप) साडेसात लाख पेशी धरतात. तुमचा २० लिटरचा घाणा १२ अंश प्लेटोचा, म्हणजे १.०४८ घनतेच्या आसपासचा असेल, तर लागतात १८० अब्ज. हातात ५० आणि गरज १८०, ही तफावत भरून काढण्यासाठी २ लिटरचा, अधूनमधून हलवत ठेवलेला स्टार्टर जेमतेम पुरतो. चुंबकाने ढवळणारे यंत्र ब्रूपबमध्ये असेल, तर सव्वा लिटरही चालेल.

गुरुवारी संध्याकाळी २०० ग्रॅम सुका माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या गोड अर्काची भुकटी) पाण्यात कालवून २ लिटर रस करा. त्याची घनता १.०३७ च्या जवळपास येईल. झाकण अर्धवट ठेवून तो पंधरा मिनिटे उकळा आणि सुरुवातीची पाच मिनिटे पातेल्यापासून हलू नका, कारण तो दुधापेक्षा लबाड आहे आणि ओट्यावर सांडला की दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते. मग झाकण पूर्ण लावून पातेले बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवा. जेटीवरच्या बर्फाचे पाणी आत उडू देऊ नका. रस खोलीच्या तापमानाला आला की यीस्ट घाला. उकळलेला रस यीस्ट न घालता बंद बाटलीत बाहेर ठेवून देण्याचा मोह मात्र टाळा. तो पुरेसा आंबट नसतो, त्यामुळे त्यात बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात, आणि ते साध्या उकळण्याने मरत नाहीत.

पाकीट उघडण्याच्या दोन-तीन तास आधी फ्रीजमधून काढा, पण ते पुन्हा उशीसारखे होईपर्यंत बाहेर ठेवू नका. उबदार पाकीट उघडले की सोड्याची बाटली हलवून उघडल्यासारखे होते आणि अर्धे यीस्ट शर्टावर जाते. माझा एक पांढरा सदरा त्या कामी आला आहे. पाकिटाचा कोपरा आणि कात्री ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पंखा बंद करा, खिडकी लावा, कोपरा कापा आणि ओतण्याआधी नाकाशी धरा. ताज्या पावाचा, किंचित फळाचा वास आला आणि रंग ताकाच्या साक्यासारखा पिवळट पांढरा असला, तर निर्धास्त घाला. रंग तपकिरी पडला असेल आणि मटणाच्या रश्श्यासारखा किंवा जळक्या रबराचा वास येत असेल, तर पेशी मरून फुटल्या आहेत. ते यीस्ट ओतून द्या आणि दुसरे पाकीट घ्या. शंका उरली आणि ब्रूपबमध्ये सूक्ष्मदर्शक असला, तर मिथिलीन ब्लूचा एक थेंब पुरतो. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी तो रंग आत टिकू देत नाहीत.

स्टार्टरच्या भांड्याच्या तोंडावर उकळत्या पाण्यातून काढलेला किंवा अल्कोहोलने पुसलेला ॲल्युमिनियमचा कागद सैल बसवा, घट्ट झाकण नको. येता-जाता भांडे गोल हलवत राहा. खोलीत २७-२८ अंश असले तरी चालेल, कारण इथे आपल्याला यीस्ट वाढवायचे आहे, चव नाही. वरची बिअर आपण ओतूनच देणार आहोत. ज्यांना ते दोन-चार अंशांनी उतरवायचेच आहे त्यांच्यासाठी एक सूचना : ओले फडके गुंडाळण्याची देशावरची युक्ती आपल्याकडे भाद्रपदात चालत नाही. हवा आधीच इतकी दमट असते की फडक्यातले पाणी उडतच नाही आणि भांडे नुसते ओले राहते. त्याऐवजी पाण्याच्या टबात गोठवलेली बाटली सोडा.

शुक्रवारी रात्रीपर्यंत फेस खाली बसलेला असेल. तसा तो बसला नसेल तर शनिवारी सकाळपर्यंत थांबा. अर्धवट आंबलेला स्टार्टर घाईने थंड करू नये, कारण साखर संपत आल्यावरच पेशी नवी बेगमी भरून घेतात. मग भांडे फ्रीजमध्ये ठेवा. रविवारी सकाळी तळाशी बोटभर जाडीचा दाट पांढरा थर आणि वर निवळ दिसेल. निवळ बहुतेक ओतून द्या, थोडी ठेवून साका त्यात हलवून सैल करा आणि निर्जंतुक केलेल्या बरणीत घ्या. दुचाकीवरून नेताना बरणी मासळीच्या त्याच पेटीत, स्वच्छ धुऊन, बर्फावर उभी ठेवा आणि झाकण अर्धा आटा सैल ठेवा, म्हणजे पेडण्याच्या खड्ड्यांत वायू साचून ते उडणार नाही. तिथे पोहोचल्यावर वर्ट थंड होत असतानाच बरणी बाहेर काढून ठेवा. यीस्ट आणि वर्ट यांच्या तापमानात सात-आठ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा.

आणि तो रविवारही पुढे गेला तर? पावसाळ्यात हे विचारायलाच हवे. थंड केलेला स्टार्टर, वरची निवळ न ओतता, फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतो. त्यावरचे ते बिअरचे पांघरूण काढू नका. दोन आठवडे झाले, तर घाण्याच्या सकाळी निवळ ओतून त्यावर अर्धा लिटर ताजा उकळून थंड केलेला रस घाला. चार-पाच तासांत फेस धरू लागला की ते यीस्ट जागे आहे असे समजून वर्टमध्ये सोडा. मालकांकडून ११.५ ग्रॅमचे कोरड्या एल यीस्टचे एक पाकीटही मागून फ्रीजमध्ये ठेवा. द्रव यीस्टवर माझे प्रेम आहे, पण २० लिटर वर्ट तयार असताना बरणी रस्त्यात फुटली, तर प्रेमाचा उपयोग नसतो.

राहिले दुसरे, न फोडलेले पाकीट. या घाण्यासाठी तेच वापरून फुगलेले टाकून द्यावे, असे तुम्ही अप्रत्यक्षपणे सुचवले आहे; मी उलट करीन. फुगलेल्याची बेगमी जास्त खर्च झाली आहे, म्हणून ते आधी संपवा. दुसऱ्यावर जूनची तारीख आहे आणि अशा पाकिटांची मुदत साधारण सहा महिन्यांची धरतात, तेव्हा ते ऑक्टोबरच्या घाण्यासाठी ठेवा. तोवर पेशी ४० अब्जांच्या आसपास उरलेल्या असतील, म्हणून त्या वेळी स्टार्टर अडीच लिटरचा करा, आणि आतली पुडी फोडण्याआधी आभाळाकडे एकदा पाहून घ्या.